वाट खेळाडूला शोधू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत अलीकडे व्हिडिओ गेमवर लिहून येऊ लागले आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. या लेखनात दोन शेरे वारंवार भेटतात. एक, ‘चित्रपट पाहिल्यासारखा अनुभव’; दुसरा, ‘अवाढव्य नकाशा, हवे तिथे भटका’. पहिला वाचला की गेम बांधलेला समजायचा आणि दुसरा वाचला की खेळाडू मोकळा, अशी वाटणी होऊन बसली आहे. ही वाटणी चुकीची आहे असे आम्हाला वाटते. समोरची जागा पाहून वाट ठरवण्याचे काम कोण करते, खेळाडू की गेम, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नकाशाच्या आकारावरून कळत नाही. प्राचीन अवशेष धुंडाळणाऱ्या लारा क्रॉफ्ट या नायिकेच्या ‘टूम रेडर’ मालिकेकडे पाहिले तर ते चांगले कळते. तीस वर्षांत या मालिकेने दोन्ही टोके पाहिली आहेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिचे दोन नवे गेम जाहीर झाले आहेत. ‘लेगसी ऑफ अटलांटिस’ ही १९९६ च्या पहिल्या गेमची नवी बांधणी आहे, तर ‘कॅटलिस्ट’ची कथा उत्तर भारतात घडते. म्हणून हे पत्र.

पहिला गेम इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीने केला. त्यातली जमीन, भिंती, कडे, खड्डे हे सगळे एकाच मापाच्या चौरसांवर बेतलेले होते आणि लारा क्रॉफ्टच्या उड्याही त्याच मापाच्या. उभ्याने मारलेली उडी एक चौरस ओलांडते, धावत मारलेली दोन आणि धावत उडी मारून समोरची कड हाताने धरली तर तीन. तीन चौरसांची दरी ओलांडायची रीत ठरलेली आहे. चालण्याचे बटण दाबून धरून कडेपर्यंत जायचे. ते दाबलेले असेपर्यंत लारा कडेवर थांबते, खाली पडत नाही. तिथून मागे एकच छोटी उडी घ्यायची, म्हणजे धावेला लागणारे अंतर नेमके मिळते. मग पुढे धावायला लागताच उडीचे बटण दाबून ठेवायचे. कड आली की ती आपसूक झेप घेते. हवेत असतानाच ‘ॲक्शन’ दाबायचे आणि हात कडेला लागेपर्यंत सोडायचे नाही.

चुका कुठे होतात तेही ठरलेले आहे. मागची उडी घेतली नाही तर धाव अपुरी पडते आणि लारा सरळ दरीत जाते. उडीचे बटण उशिरा दाबले तरी तेच. समोर अरुंद खांब असेल आणि अंतर एकच चौरस असेल, तर धावत मारलेली उडी त्याच्या पलीकडे नेऊन टाकते. तिथे उभ्याने उडी हवी. यातली एकही चूक अन्यायाची वाटत नाही, कारण माप आधीच ठाऊक असते. खेळाडू दरीच्या काठाशी उभा राहतो, चौरस मोजतो, ‘जमेल’ किंवा ‘नाही जमणार’ असे स्वतःशी ठरवतो आणि मग बटणाला हात लावतो. गेम एक अक्षर बोलत नाही.

याच पहिल्या गेममधली ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ ही लेव्हल पाहावी. एक खोल, उभी विहिरीसारखी इमारत. तिच्या कडेने नेपच्यून, थॉर, ॲटलस आणि डॅमोक्लिस या नावांच्या चार खोल्या. प्रत्येक खोलीत एक किल्ली, आणि चारही किल्ल्या जमल्या की तळाचे दार उघडते. चार कोडी वेगवेगळ्या स्वभावाची. डॅमोक्लिसच्या खोलीत छताला तलवारी टांगलेल्या आहेत हे मान वर करून पाहिले तरच कळते. आत शिरताना कॅमेरा कुणाचे बोट धरून छत दाखवत नाही.

तिसऱ्या गेममध्ये (१९९८) तर क्रमाचेही स्वातंत्र्य होते. सुरुवात भारतात: जंगल, देवळाचे अवशेष, गंगा आणि कालियाच्या गुहा. त्यानंतर नेव्हाडा, लंडन आणि दक्षिण पॅसिफिक हे तीन प्रदेश हव्या त्या क्रमाने खेळा, अंटार्क्टिका शेवटी. या निवडीला वजन आहे. नेव्हाडात लारा पकडली जाते आणि तोवर जमवलेली हत्यारे हातची जातात. म्हणून जाणकार खेळाडू भारतानंतर आधी नेव्हाडा उरकतात. तोवर गमावण्यासारखे थोडेच साठलेले असते. लंडन आणि पॅसिफिक आधी करून भरल्या पोतडीने नेव्हाडात गेलेला खेळाडू चांगलाच हळहळतो. पण ती हळहळ त्याच्या स्वतःच्या निवडीची असते.

एकाच प्रसंगाची दोन रूपे शेजारी ठेवली की फरक आणखी स्पष्ट दिसतो. पहिल्या गेममध्ये पेरूतल्या ‘लॉस्ट व्हॅली’त तीन दातेरी चक्रे शोधून यंत्राला बसवायची आणि धबधब्याचा प्रवाह वळवायचा, असे काम आहे. आधी छोटे डायनोसॉर येतात. मग काही काळ शांतता, आणि दरीच्या अंधारातून टिरॅनोसॉरस धावत येतो. कटसीन (मध्येच येणारे, नुसते पाहायचे दृश्य) नाही, बटणाची सूचना नाही, कॅमेरा खेळाडूच्या हातून जात नाही. लढायचे, कपारीत शिरून तिथून गोळ्या झाडायच्या की पळायचे, हे त्या दोन सेकंदांत ज्याचे त्याने ठरवायचे.

२००७ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्सने ‘ॲनिव्हर्सरी’ या नावाने तोच गेम नव्याने केला. तिथे हाच डायनोसॉर कटसीनमधून येतो, पडद्यावर बटणांची चिन्हे उमटतात, ती वेळेत दाबायची. पुढे लढाईत तो चवताळून अंगावर येतो, वेळ मंदावते, नेमक्या क्षणी बाजूला झेप घ्यायची आणि त्याला टोकदार ओंडक्यांवर आदळवायचे. दिसायला दृश्य जास्त भव्य आहे, यात शंका नाही. पण त्याचा शेवट एकाच रीतीने होतो, ती रीत गेमने आधीच ठरवली आहे आणि खेळाडूकडे उरते ते तालात बटण दाबणे. लारा घाबरली हे आपण पाहतो. १९९६ मध्ये आपण स्वतः दचकलो होतो.

हे का झाले, याची कारणे तांत्रिक आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय निर्मात्यांना बोल लावणे बरोबर नाही. चौरसांच्या काळात चित्र ओबडधोबड होते, पण वाचता येत होते: भिंतीला सपाट कड दिसली की ती धरता येणार. चित्रांचा तपशील वाढला तशी प्रत्येक भिंतीवर भेगा, मुळे, तुटके दगड, वेली आल्या. त्यातल्या शंभरातली एखादीच कड खरोखर धरता येते, बाकीच्या नुसत्या शोभेच्या. खेळाडू शोभेच्या दगडाकडे झेपावतो आणि मरतो. मग चाचणीत लोक अडकतात, आणि उपाय म्हणून धरता येणाऱ्या कडांना पांढरा रंग फासला जातो. २०१३ च्या ‘टूम रेडर’पासून हा रंग आहे, शिवाय एक बटण दाबले की कामाच्या वस्तू उजळून दिसतात आणि पुढच्या ठिकाणी प्रकाशाचा खांब उभा राहतो. पिवळ्या रंगाचे असेच पट्टे इतर अनेक मालिकांत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ’मधल्या पिवळ्या खडकांवरून जगभर वाद झाला होता. त्या वादात रंगावर टीका खूप झाली, मूळ दुखण्यावर कमी. जगातल्या वस्तू कधी उपयोगी पडतील आणि कधी नाही याचा नियम एकसारखा राहिला नाही, हे ते मूळ दुखणे. नियम सुटला की खुणा कराव्याच लागतात.

दुसरे कारण नाट्यमय दृश्यांचे. पूल नेमका पायाखालीच कोसळायचा असेल, तर खेळाडू त्या क्षणी त्या पुलावर असला पाहिजे. म्हणून वाट अरुंद करायची, परतीचे दार बंद करायचे, कॅमेरा वळवायचा. तिसरे कारण डिस्कच्या वेगाचे. दोन खडकांमधून अंग चोरून सरकायची ती सावकाश चाल आठवा; त्या वेळात गेम पुढचा भाग डिस्कवरून उचलत असतो. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’ने संपूर्ण कथा कॅमेरा न तोडता दाखवली, तेव्हा असा वेळ अशाच जागांत लपवावा लागला. आताच्या कन्सोलमधल्या (गेम खेळायच्या यंत्रांमधल्या) एसएसडी या वेगवान साठवणीमुळे हे कारण बरेचसे संपले आहे, पण सवय मात्र सुटलेली नाही.

नियम एकसारखा ठेवला तर काय होते ते निन्टेंडोने मार्च २०१७ मध्ये ‘झेल्डा’ मालिकेच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये दाखवले. याच मालिकेच्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये (२०११) फाय ही सोबतीण जाता-येता उघड गोष्टी सांगत राही आणि त्यावर खेळाडू वैतागले होते. सहा वर्षांनी तीच मालिका बरोबर उलट्या दिशेला गेली. सुरुवातीच्या पठारावर चार देवळ्यांमधून चार विद्या शिकायच्या, पॅराग्लायडर मिळवायचा, आणि त्यानंतर वाटले तर थेट शेवटच्या शत्रूच्या किल्ल्यावर चालून जायचे. जवळपास कोणताही कडा चढता येतो, म्हणून रंग फासायची गरजच नाही. मर्यादा दमाची. दम दाखवणारे पडद्यावरचे हिरवे वर्तुळ किती उरले आहे आणि वाटेत टेकायला जागा कुठे आहे, हे खालूनच पाहून ठरवायचे. पावसात हात घसरतात, यावर पुष्कळांची तक्रार आहे. पण पुढचे हवामान पडद्यावर आधीच दिसते, आणि छपरासारख्या कड्याखाली लाकूड व गारगोटी घेऊन शेकोटी पेटवली की वेळ पुढे नेता येतो. विजा चमकू लागल्या की धातूची तलवार आणि ढाल उतरवून ठेवायची, नाहीतर वीज अंगावर येते. नियम कडक आहेत, पण सगळीकडे तेच आहेत.

याची किंमतही मोजावी लागते, ती झाकून ठेवू नये. ‘झेल्डा’ मालिकेच्याच ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये (२०२३) जुन्या काळाच्या आठवणी कोणत्याही क्रमाने सापडतात, त्यामुळे कथेचा मोठा उलगडा फार आधी होऊन बसू शकतो. चार मंदिरांनंतरचे प्राचीन युद्धाचे निवेदन चारदा जवळजवळ त्याच शब्दांत ऐकावे लागते, कारण खेळाडू कोणत्या मंदिरात आधी गेला हे लेखकाला ठाऊक नसते. कथा घट्ट हवी असेल तर क्रम हवा. क्रमाला आमचा विरोध नाहीच.

बांधलेली वाट आणि मोकळी नजर एकत्र नांदू शकतात याचे सर्वात सुंदर उदाहरण आम्हाला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ (२००३) वाटते. त्यात एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्याची वाट साधारण एकच. नव्या दालनात शिरताच कॅमेरा एकदा सावकाश फिरून पलीकडचे टोक दाखवतो आणि लगेच खेळाडूच्या हाती परत येतो. सेव्ह करायच्या वाळूच्या भोवऱ्यात उभे राहिले की पुढच्या भागाची काही क्षणचित्रे दिसतात. कुठे पोहोचायचे ते कळते. कसे, ते दालन पाहून जुळवायचे. आणि उडी चुकली तर राजपुत्राच्या जादूच्या खंजिराने काळ मागे नेऊन चूक पुसता येते, मात्र खंजिरातली वाळू संपली की ती सोय संपली. चित्रपटाची भाषा इथे ठासून भरली आहे, तरी खेळाडूचे काम एकदाही काढून घेतलेले नाही. या गेमच्या नव्या आवृत्तीचे काम सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंच्या नावाने जाहीर झाले होते. मे २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेले. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) हा बांधलेल्या वाटेचा गेम पूर्ण करून दाखवला. म्हणजे हा विषय आपल्यासाठी परक्या गावचा नाही.

‘अनचार्टेड’ ही चित्रपटाच्या वळणाची मालिका म्हणून ओळखली जाते. तिच्या ‘द लॉस्ट लेगसी’मध्ये (२०१७) चौथ्या प्रकरणाचे नावच ‘वेस्टर्न घाट्स’ आहे. होयसळांच्या अवशेषांचा शोध असलेले हे प्रकरण आवर्जून खेळावे. एका उंच बुरुजावर चढून भोवतालचा मुलूख न्याहाळायचा, नायिका क्लोई आपल्या कागदी नकाशावर हाताने खुणा करते, आणि मग जीप घेऊन त्रिशूळ, परशू आणि धनुष्य या चिन्हांच्या तीन ठिकाणी हव्या त्या क्रमाने जायचे. वाटेत इकडेतिकडे विखुरलेली अकरा होयसळ नाणी शोधली नाहीत तरी कथा अडत नाही. शोधली तर जवळच्या खजिन्याची चाहूल देणारे माणिक मिळते. तेवढ्या एका प्रकरणात मालिकेचा श्वास मोकळा होतो. चिखलाच्या चढावर जीपची चाके घसरतात, जीप ओढून घेणारी विंचची दोरी झाडाला गुंडाळावी लागते, वाट चाचपावी लागते. पुढच्या प्रकरणांत गेम पुन्हा अरुंद वाटेवर येतो, पण तोवर मुलूख ओळखीचा झालेला असतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. दाट धुक्यात दोन वाटा फुटतात तिथे दगडावर रंगवलेला बाण जीव वाचवतो. पण दर दहा पावलांवर बाण असला, की माणूस घळ, कातळ, खोदलेल्या पावठ्या बघायचे सोडून पुढचा बाण शोधत चालतो. गेममध्येही असेच होते: कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरच्या ठिपक्याकडे पाहत खेळाडू तासन्‌तास चालतो आणि कलाकारांनी वर्षानुवर्षे खपून रंगवलेला देश त्याला दिसतच नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चे (२०१८) जग इतके मोकळे आहे की तिथे माग काढणे, शिकार करणे, वाटेतल्या अनोळखी माणसाशी बोलणे, सगळे शक्य आहे. पण मिशन (कथेतली नेमून दिलेली कामगिरी) सुरू झाले की ठरलेल्या रस्त्यावरून थोडे बाजूला झाले, मागच्या दाराने जायचे ठरवले, की मिशन फसल्याची पाटी येते. नकाशा अफाट आणि मिशन रुळावरची. म्हणूनच ‘ओपन वर्ल्ड’ (मोकळे जग) या दोन शब्दांवर परीक्षणात भागवू नये, असे आम्ही म्हणतो.

सोबत्यांच्या बडबडीचाही विचार व्हावा. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’मध्ये (२०२२) कोड्यासमोर येऊन पाहणी सुरू करतो न करतो तोच कुणीतरी उत्तर सुचवते. उपाय अवघड नाही. सोबत्याने ठरावीक सेकंदांनी बोलू नये. खेळाडू बराच वेळ काहीच नवे करत नसेल तेव्हाच बोलावे. सुचवतानाही आधी कुठे पाहायचे ते सांगावे आणि काय करायचे ते नंतर. आणि बटण दाबून मदत मागण्याची सोय असावी, म्हणजे ज्याला हवी त्याला ती लगेच मिळेल.

नुसता मार्कर (कुठे जायचे ते दाखवणारा ठिपका) बंद करण्याचे बटण दिले म्हणजे काम झाले, असेही नाही. अनेक गेममध्ये तो बंद केला की खेळणेच अशक्य होते, कारण पात्रे फक्त ‘तिकडे जा’ म्हणतात आणि ‘तिकडे’ म्हणजे कुठे ते ठिपक्यालाच ठाऊक. ‘ॲसॅसिन्स क्रीड ऑडिसी’ने (२०१८) एक्सप्लोरेशन मोड दिला तेव्हा संवादांतही बदल केला. माणूस कोणत्या प्रांतात आहे, कोणत्या खुणेच्या कोणत्या दिशेला आहे, हे बोलण्यातून कळते. त्या भागात पोहोचून गरुड उडवायचा आणि शोधायचे. आधी शब्दांत माहिती घालावी लागते, तेव्हा कुठे ठिपका काढता येतो.

घरी खेळणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’मध्ये (२०१८) लढाई, वाटशोध आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. लढाई सोपी किंवा मधली ठेवा, बाकी दोन ‘हार्ड’वर ठेवा, कडांवरचा पांढरा रंग जातो आणि वस्तू उजळणेही बंद होते. पहिल्याच खेपेला ‘डेडली ऑब्सेशन’ निवडू नका: त्यात फक्त शेकोटीपाशी सेव्ह होते आणि पातळी मध्येच बदलता येत नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या सेटिंगमध्ये पडद्यावरची माहिती ‘प्रो’वर ठेवली की छोटा नकाशा जातो, पहिले काही तास तो राहू द्या, मुलूख अंगवळणी पडल्यावर बदला. जुने तीन ‘टूम रेडर’ फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या रूपात आले, त्यांत नवे आणि जुने असे दोन्ही कंट्रोल आहेत. नव्याने फिरणे सोपे जाते, पण कडेशी सरळ उभे राहून उडी मोजणे जड जाते, कारण दिशा कॅमेऱ्यावर ठरते. चार दिवस हात वळेना तरी जुने कंट्रोल सोडू नका. लेव्हल त्यांच्याच मापाने बांधल्या आहेत.

एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. रंग, मार्कर, सूचना या सगळ्या काढून टाका अशी आमची मागणी नाही. कमी दिसणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या, गेम नव्याने हाती घेतलेल्या माणसाला त्या लागतात आणि त्या त्याला मिळाल्याच पाहिजेत. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ने (२०२०) साठाहून अधिक सोयीच्या सेटिंग्ज दिल्या, गडद-फिक्या रंगांच्या एका मोडमध्ये जग करडे होते आणि कामाची वस्तू ठसठशीत दिसते. ज्याला हवे त्याने चालू करावे. मग सर्वांच्या भिंती रंगवण्याचे कारण उरत नाही.

‘लेगसी ऑफ अटलांटिस’ येईल तेव्हा ‘लॉस्ट व्हॅली’ तिसऱ्यांदा बांधली जाईल. आपल्या दैनिकात त्याचे परीक्षण यावे अशी आमची विनंती आहे, आणि त्यात चित्रे किती देखणी आहेत यापलीकडे चार गोष्टी तपासून लिहाव्यात: धरता येणारी कड आणि शोभेची कड रंगाशिवाय ओळखू येते का, सोबत्याचे किंवा लाराचे स्वतःशी बोलणे बंद करता येते का, मार्कर काढल्यावर संवादांतून वाट कळते का, आणि तो डायनोसॉर अंगावर धावून येतो तेव्हा कंट्रोलर खेळाडूच्या हातात राहतो की नाही.

आपले नम्र,
काही वाचक-खेळाडू, पुणे